वाचकांचे प्रश्न : वाहत्या रस्त्याच्या कडेने पायी आणि सायकलवर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच काळजीपोटी लिहिलेली आहेत. वाहनांच्या रहदारीत पायी किंवा सायकलवर जाणाऱ्याने स्वतःला कसे सांभाळावे, असे त्यांत विचारले आहे. ही काळजी अनाठायी नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसांचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी ३२,८२५ जण पादचारी होते. म्हणजे रस्त्यावर जीव गमावणाऱ्या दर पाच जणांपैकी जवळपास एक जण पायी चालत होता. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. पुढील सूचनांचा अर्थ, अपघात झाला तर चूक पायी चालणाऱ्याची, असा कोणीही काढू नये. वेगाने चालणाऱ्या जड वाहनाच्या चालकाची आणि रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेची जबाबदारी कायम मोठीच राहते. परंतु त्यांच्या हलगर्जीची किंमत चालणाऱ्याच्या देहाला मोजावी लागते, म्हणून त्याच्या हाती जे काही आहे ते त्याला नीट माहीत असले पाहिजे.

प्रश्न : आमचे गाव राज्य महामार्गाला लागून आहे आणि रस्त्याला पदपथ नाही. मी व माझे काही मित्र रोज पहाटे फिरायला निघतो. शाळेत आम्ही ‘नेहमी डावीकडून चाला’ असे शिकलो आणि पुढे मुलांनाही तेच शिकवले. आता माझा मुलगा म्हणतो की उजवीकडून चाला. खरे काय मानावे? कारखान्यांचा हंगाम सुरू झाल्यापासून उसाच्या ट्रॉल्यांचीही फार धास्ती वाटते.
(एक निवृत्त शिक्षक, वाळवा तालुका, जि. सांगली)

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे बरोबर आहे. ‘डावीकडून’ हा नियम वाहनांचा आहे आणि सायकल हेही वाहनच असल्यामुळे तो सायकललाही लागू होतो. पायी चालणाऱ्याने मात्र, जेथे पदपथ नसेल तेथे, रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसत राहील अशा बाजूने चालावे. डावीकडून चालणाऱ्याच्या पाठीशी वाहने येतात आणि त्याला केवळ कानांवर विसंबून राहावे लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. ती १०० मीटरवर असतानाच आपल्याला दिसली, तर रस्ता सोडून साइडपट्टीवर उतरण्यासाठी पाच-सहा सेकंद मिळतात आणि तेवढे पुरेसे असतात. पाठीमागून येणाऱ्या वाहनाच्या बाबतीत ही सवड मिळेलच, याची खात्री देता येत नाही.

या नियमाला दोन पुरवण्या आहेत. रस्ता जेथे उजवीकडे तीव्र वळतो आणि कडेला दरड, झाडोरा किंवा उभा ऊस असतो, तेथे उजव्या कडेने चालणारा माणूस वळणाच्या आतल्या बाजूला झाकला जातो व समोरून येणाऱ्या चालकाला तो अगदी शेवटच्या क्षणी दिसतो. अशा ठिकाणी वळण लागण्याच्या बऱ्याच आधी, दोन्ही बाजू पाहून, डावीकडे जावे आणि वळण संपल्यावर पुन्हा उजवीकडे यावे. दुसरे असे की उजवीकडून चालताना पाठीमागचा धोका संपला असे समजू नये. आपल्याकडे दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करणारे वाहन उजव्या बाजूला येते, म्हणजे नेमके आपल्या पाठीशी येते. समोरून मोकळा रस्ता दिसत असेल, तेव्हाच पाठीमागच्या चालकालाही ओव्हरटेक करण्याचा मोह होतो. म्हणून मागून हॉर्न किंवा इंजिनाचा चढता आवाज आला की वळून पाहावे, आणि कानांत इअरफोन अजिबात नसावेत. चौघे मित्र गप्पा मारत आडवे चालतात, हे दृश्य कोणत्याही गावाबाहेर पहाटे दिसते. गप्पा अवश्य माराव्यात, पण रस्त्यावर एकामागे एक चालावे आणि शेजारी-शेजारी चालायचे असेल तर गावातील मैदान किंवा कारखान्याकडे न जाणारा शिवारातील रस्ता धरावा.

आता उसाच्या ट्रॉल्यांविषयी. आपली धास्ती अगदी योग्य आहे, कारण गाळपाचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो आणि त्याचे पहिले तीन-चार महिने नेमके उशिरा उजाडण्याचे असतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो, मागचा दिवा एक तर नसतो किंवा उसाच्या वाढ्यांनी झाकलेला असतो, आणि अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकही नसतात, त्यामुळे चालकाने मनात आणले तरी ती जोडगाडी जागच्या जागी थांबू शकत नाही. उतारावर किंवा खड्डा चुकवताना मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या रेषेत राहत नाही. ती एका बाजूला झोल खाते. अशी गाडी समोरून येताना दिसली की ‘ती जाईल बाजूने’ असे न म्हणता पूर्णपणे साइडपट्टीच्या पलीकडे उतरून उभे राहावे आणि दोन्ही ट्रॉल्या पुढे गेल्याशिवाय रस्त्यावर पाऊल ठेवू नये. पहिली ट्रॉली गेली म्हणून लगबगीने रस्ता ओलांडायला निघणे अतिशय घातक आहे. ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावलेली असतील, तर आपली हाक चालकापर्यंत पोहोचत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

फिरण्याची वेळ बदलणे शक्य असेल तर हंगामापुरते उजाडल्यानंतर निघावे, असा माझा आग्रह आहे. ते शक्य नसेल तर प्रत्येकाने परावर्तक पट्ट्या असलेले जाकीट घालावे. बांधकामावरील मजूर वापरतात तेच, कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. त्याशिवाय घोट्यांवर परावर्तक पट्टी बांधावी. हेडलाइटचा डिपर खालच्या बाजूला पडतो, त्यामुळे पायांवरची पट्टी चालकाला लवकर चमकताना दिसते, आणि ती पावलांबरोबर खालीवर होत असल्याने ‘हा माणूस चालतो आहे’ हे त्याला तत्काळ उमगते. अंगावरची स्थिर चमक कधीकधी मैलाच्या दगडासारखी भासते. पांढरा सदरा घातला म्हणजे झाले, ही समजूत अपुरी आहे.

प्रश्न : माझी मुलगी कोथरूडहून शिवाजीनगरला कॉलेजला सायकलने जाते. तिची आवड मोडायची नाही, पण कर्वे रस्त्यावर बसच्या शेजारून जाताना तिला पाहिले की माझा जीव टांगणीला लागतो. तिला नेमके काय सांगू?
(एक आई, पुणे)

उत्तर : तिची सायकल सोडवू नका. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात आज सायकलवर जाणाऱ्या मुलांची संख्या इतकी कमी झाली आहे की प्रत्येक सायकलस्वार मोलाचा वाटतो. रस्त्यावर सायकली जितक्या जास्त असतात तितकी चालकांना त्यांची सवय होते. मात्र तिला पुढील काही गोष्टी प्रत्यक्ष रस्त्यावर नेऊन, एखाद्या रविवारी सकाळी, दाखवाव्यात. नुसत्या सांगून त्या अंगवळणी पडत नाहीत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बस आणि ट्रक यांच्या डाव्या बाजूची आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे त्याच्या वाहनाच्या डाव्या दाराखालचा आणि पुढच्या डाव्या कोपऱ्यालगतचा भाग त्याला थेट दिसत नाही. आरशातही तेथील सायकल पूर्ण दिसेलच असे नाही. सिग्नलला बस थांबलेली असते, तिच्या आणि पदपथाच्या मध्ये सायकलपुरती फट मोकळी असते आणि त्या फटीतून पुढे सरकण्याचा मोह सर्वांनाच होतो. सिग्नल हिरवा झाला आणि बस डावीकडे वळू लागली की तिचे पुढचे चाक कोपऱ्यापासून लांबून फिरते, पण मागचे चाक त्याच मार्गाने जात नाही. ते कोपरा कापत आत येते. जी फट क्षणापूर्वी सायकलला पुरत होती, ती पाहता पाहता मिटत जाते, आणि सायकलस्वाराच्या एका बाजूला पदपथाची कड असल्यामुळे त्याला निसटायला जागा उरत नाही. म्हणून मुलीला हा नियम पक्का सांगावा की थांबलेल्या किंवा हळू चाललेल्या मोठ्या वाहनाच्या डावीकडून कधीही पुढे जायचे नाही. त्याच्या मागे, मध्यभागी, थोडे अंतर राखून थांबायचे. बसच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर चालकालाही आपण दिसत नाही, असे निःशंकपणे समजावे. कॉलेजला दोन मिनिटे उशीर झाला तरी चालेल.

दुसरा धोका उभ्या मोटारींचा आहे. डाव्या कडेला लावलेल्या मोटारींच्या रांगेला लागून सायकल चालवली की चालकाचे दार नेमके सायकलच्या वाटेत उघडते. दार लागणे हा एक भाग झाला. त्याहून वाईट म्हणजे दाराच्या धक्क्याने सायकलस्वार उजवीकडे, चालत्या वाहनांपुढे पडतो. उभ्या मोटारींपासून पूर्ण उघडलेल्या दाराइतके, म्हणजे किमान एक मीटर अंतर ठेवावे, मग मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत असला तरी हरकत नाही. मोटारीत डोके दिसते का, मागचा दिवा नुकताच विझला का, पुढची चाके बाहेरच्या बाजूला वळलेली आहेत का, हे पाहण्याची सवय लावावी. आणि ज्या वाचकांकडे मोटार आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे : चालकाच्या जागेवरून उतरताना दार उजव्या हाताने न उघडता डाव्या हाताने उघडावे. डावा हात दाराकडे नेताना खांदे आपोआप वळतात आणि नजर मागच्या रस्त्याकडे जाते. नेदरलँड्समध्ये ही सवय जुनी आहे आणि ती लावून घ्यायला एक पैसाही लागत नाही.

रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून सायकल चालवणे सुरक्षित असते, असे बहुतेक पालकांना वाटते. ते खरे नाही. कडेला गटाराच्या जाळ्या, वाळू, काचा आणि खचलेल्या साइडपट्ट्या असतात, त्या चुकवण्यासाठी सायकल अचानक उजवीकडे घ्यावी लागते आणि मागच्या चालकाला त्याचा अंदाज येत नाही. कडेपासून अर्धा ते एक मीटर आत, सरळ रेषेत, न डगमगता चालवलेली सायकल मागच्या माणसाला लवकर दिसते आणि तो तिला नीट वळसा घालून जातो. गर्दीच्या चौकात उजवीकडे वळायचे असेल तर वाहनांच्या प्रवाहातून आडवे जाण्याऐवजी आधी सरळ चौक ओलांडावा, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यावर थांबावे, सायकल त्या दिशेला वळवावी आणि तेथील सिग्नल सुटल्यावर सरळ जावे. किंवा सरळ उतरून झेब्रा क्रॉसिंगवरून सायकल हाताने न्यावी.

सायकलस्वारासाठी हेल्मेट कायद्याने सक्तीचे नाही, पण ते घालावेच. मात्र ते कपाळ उघडे टाकून मागे सरकलेले नसावे, भुवयांच्या वर साधारण दोन बोटांवर बसावे आणि पट्टा हनुवटीखाली नीट आवळलेला असावा. मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा, चाकांच्या तारांवर रिफ्लेक्टर असावेत. ओढणी गळ्यात सैल सोडू नये, ती मागच्या चाकात किंवा साखळीत अडकते. पावसाळ्यात झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि मॅनहोलची लोखंडी झाकणे निसरडी होतात. त्यांवर ब्रेक दाबू नये व वळण घेऊ नये. रिमवर चालणारे ब्रेक भिजल्यावर उशिरा पकडतात, म्हणून थांबण्याच्या जागेच्या बऱ्याच आधी ते हलके दाबून रिम कोरडी करून घ्यावी.

प्रश्न : माझे वय चौऱ्याहत्तर आहे. घराजवळच्या चौकात पादचाऱ्यांचा सिग्नल निम्म्या रस्त्यात असतानाच लाल होतो. झेब्रा क्रॉसिंगवर कोणी थांबतही नाही. काय करावे?
(एक ज्येष्ठ वाचक, नाशिक)

उत्तर : आपली चाल मंद आहे, हा आपला दोष नाही. पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ सामान्यतः सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस धरून ठरवली जाते. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला हा वेग परवडत नाही. सुमारे २४ मीटर रुंदीचा रस्ता या हिशेबाने २० सेकंदांत पार व्हायला हवा, पण सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्याला त्यासाठी ३० सेकंद लागतात. म्हणून सिग्नल आधीपासून हिरवा दिसत असेल तर निघू नये. तो लाल होऊन पुन्हा हिरवा होईपर्यंत थांबावे आणि पहिल्या सेकंदाला पाऊल टाकावे, म्हणजे संपूर्ण वेळ पदरात पडतो. मध्ये दुभाजक पुरेसा रुंद असेल तर रस्ता दोन टप्प्यांत ओलांडावा. सिग्नलची वेळ वाढवून मिळावी यासाठी शहर वाहतूक शाखेकडे आणि महापालिकेकडे लेखी अर्ज करावा. चौकाचे नाव, रस्त्याची रुंदी आणि ओलांडायला लागणारे सेकंद लिहून दिले, तर अर्जाला वजन येते. परिसरातील ज्येष्ठ नागरिक संघाच्या सह्या घेतल्या तर अधिक चांगले.

जेथे सिग्नल नाही तेथे एका प्रसंगापासून विशेष जपावे. रिक्षा किंवा बस आपल्यासाठी थांबते, चालक हाताने ‘जा’ अशी खूण करतो, आपण त्याचे आभार मानत तिच्यापुढून जातो आणि तिच्या पलीकडच्या रांगेतून एखादी मोटारसायकल वेगात येते, कारण थांबलेल्या बसमुळे तिला आपण दिसलेलो नसतो आणि आपल्याला ती. थांबलेल्या वाहनाच्या पुढच्या कोपऱ्यापाशी आपणही थांबावे, मान पुढे काढून पलीकडची रांग पाहावी आणि मगच पुढचे पाऊल टाकावे. चालकाने केलेली खूण केवळ त्याच्या स्वतःच्या वाहनापुरती असते. झेब्रा क्रॉसिंगवर पादचाऱ्याला आधी जाऊ देणे हे २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार चालकाचे कर्तव्य आहे, आणि या विनियमांचा भंग केल्यास ५०० ते १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. तो दंड आकारला जाताना मात्र फार क्वचित दिसतो, याचा मनापासून खेद वाटतो.

प्रश्न : कार्तिकीला आमच्या गावाची दिंडी पायी पंढरपूरला जाते. काही टप्पे रात्री चालावे लागतात. इतक्या जणांनी उजवीकडून चालणे शक्य नाही. आम्ही कोणती खबरदारी घ्यावी?
(दिंडीचे एक चालक, जि. लातूर)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. एकटा-दुकटा माणूस उजवीकडून चालतो, पण मोठा समूह, विशेषतः ज्याच्याबरोबर सामानाची गाडी आहे तो, वाहनाप्रमाणे डाव्या कडेनेच चाललेला बरा. अशा वेळी समोर आणि मागे पहारेकरी हवेत. सर्वांत पुढच्या माणसाच्या हाती पांढरा दिवा, सर्वांत मागच्याच्या हाती लाल दिवा आणि दोघांच्याही अंगावर परावर्तक जाकीट असावे. मागचा माणूस दिंडीला लागून नसावा. तो ५० मीटर तरी मागे चालावा, म्हणजे येणाऱ्या चालकाला दिंडी दिसण्याआधी तो दिसेल. ओळी दोन-दोनांच्या असाव्यात. पताकांच्या काठ्यांना आणि सामानाच्या टेम्पोच्या मागच्या फळीला परावर्तक पट्टी लावता येते. टेम्पो दिंडीच्या मागे, इंडिकेटर लुकलुकत ठेवून चालवावा. रात्रीचा टप्पा टाळता आला तर टाळावाच, कारण त्या सुमारास ऊस वाहतूकही सुरू झालेली असते.

विसावा रस्त्यालगत घेऊ नये, ही सूचना मी सर्वांत आग्रहाने करीन. थकलेली माणसे डांबरावर किंवा साइडपट्टीवर आडवी होतात, उभ्या टेम्पोच्या मागे टेकतात, आणि एखाद्या पेंगलेल्या चालकाची गाडी तेथेच शिरते. विसाव्याच्या जागा आधी दिवसा पाहून ठरवाव्यात आणि त्या रस्त्यापासून दूर असाव्यात : शाळेचे आवार, देवळाचे पटांगण किंवा मळणीचे खळे. मार्गातील पोलीस ठाण्यांना दिंडीची तारीख व वेळ लेखी कळवावी. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचा प्रारंभ ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाला, तेव्हा पायी चालणाऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र वाट करण्याचे ठरले. मराठवाड्यातून आणि विदर्भातून येणाऱ्या वाटांवरही तशी सोय व्हावी, ही मागणी आपल्यासारख्या दिंडीचालकांनी एकत्रितपणे आपापल्या लोकप्रतिनिधींकडे लावून धरली पाहिजे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ सायकलने कामावर जाताना एका मोटारीने ठोकरला गेला आणि मोटार पळून गेली. पायाचे हाड मोडले आहे. गाडीचा नंबर कोणीच पाहिला नाही. काही भरपाई मिळते का?
(एक कामगार, वाळूज, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : मिळते. वाहनाचा शोध लागला नाही तरी, केंद्राच्या २०२२ च्या योजनेनुसार, गंभीर जखमीला ५०,००० रुपये आणि मृताच्या वारसांना २ लाख रुपये दिले जातात. अर्ज ज्या भागात अपघात झाला तेथील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा असतो. सोबत गुन्ह्याच्या नोंदीची प्रत, रुग्णालयाची कागदपत्रे व बँक खात्याचा तपशील लागतो. पोलिसांत नोंद झाली नसेल तर ती आजच करावी. पुढे मोटार सापडली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात रीतसर दावा करता येतो, त्यात भरपाई नुकसानीच्या प्रमाणात ठरते. त्यासाठी वकिलाचा सल्ला लवकर घ्यावा.

उपचारांबाबत सर्वच वाचकांनी हे टिपून ठेवावे : ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात, आणि यात पादचारी व सायकलस्वारही येतात. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ क्रमांक फिरवावा. जखमीला मदत करणाऱ्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याने स्वतःचे नाव सांगितलेच पाहिजे असेही बंधन नाही. तेव्हा ‘पोलिसांचे झेंगट नको’ म्हणून कोणी जखमीला टाकून जाऊ नये.

आपल्या भावाची सायकल आहे त्या स्थितीत ठेवावी. पंचनामा होण्यापूर्वी ती दुरुस्तीला किंवा भंगारात देऊ नये, कारण तिच्यावर मोटारीचा रंग किंवा दिव्याच्या काचेचे तुकडे लागलेले असू शकतात आणि त्यांवरून वाहनाचा माग लागू शकतो. अपघाताच्या जागेजवळील पेट्रोल पंप, कंपन्यांची फाटके आणि दुकाने येथील कॅमेऱ्यांचे चित्रण काही दिवसांतच आपोआप पुसले जाते. ते ताबडतोब ताब्यात घ्यावे, अशी लेखी विनंती तपास अधिकाऱ्याला करून त्या अर्जावर पोहोच घ्यावी.